चाचणी फेरी

कोणतीही वस्तू वापरण्याआधी ती वापरण्याच्या लायकीची करून घेणे, हे सुसंस्कृत माणसाचे पहिले लक्षण आहे. रानटी माणसाला खुर्ची दिसली की तो तीत बसतो. सुसंस्कृत माणूस आधी ती डुगडुगते का ते बघतो, मग एका पायाखाली कागदाची घडी घालतो, त्यामुळे उंच झालेल्या बाजूसाठी दुसऱ्या पायाखाली घालतो, आणि पाहुणे उभ्याउभ्या बोलून निघून गेले की समाधानाने हात झटकतो. या कसोटीवर आमचे भावोजी हे माझ्या ओळखीतले सर्वांत सुसंस्कृत गृहस्थ ठरतात. हे मी त्यांचा मेहुणा असूनही म्हणतो आहे, याची नोंद घ्यावी.

भावोजी बाटल्यांची झाकणे करणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता तपासनीस आहेत. झाकण बसते की नाही, एवढे बघून ते थांबत नाहीत. ते किती चांगले बसू शकले असते याचाही विचार करतात. मी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो आणि एका कार्यालयात परिपत्रकांचे मसुदे करतो. त्यामुळे पुढे कुठे कुठे भाषा जड झाली तर ती माझी सवय समजावी, रुबाब नव्हे.

खालच्या मजल्यावर भावोजी, माझी ताई आणि भावोजींचे वडील असे तिघे राहतात. वडिलांना सगळा गाव मास्तर म्हणतो, कारण त्यांनी आयुष्यभर मोटार शिकवण्याचा वर्ग चालवला. निम्म्या गावाला त्यांनी गाडी चालवायला शिकवली. उरलेला निम्मा गाव त्यांच्या विद्यार्थ्यांमुळे रस्ता ओलांडायला शिकला. मास्तर नेहमी शेजारच्या सीटवर बसत. त्या बाजूला त्यांच्या पायाशी एक जादा ब्रेक होता, स्टिअरिंगचे चाक नव्हते. गावाबाहेरचा रस्ता पुढे घाट चढून पलीकडे समुद्रावर उतरतो. शिकवणीचा तास बरोबर घाटाच्या पायथ्याशी अर्धा होई, आणि मास्तर डावा हात उचलून शिकाऊ माणसाला सांगत, वळव. वर्ग बंद केला की एकदा स्वतः चाकामागे बसून तो घाट चढायचा आणि समुद्रापाशी गाडी उभी करायची, एवढीच त्यांची आयुष्याकडे मागणी होती. मागणी माफक होती, त्यामुळे तिच्यावर कोणी निर्णय घेतला नाही.

वर्ग बंद केला आणि काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी समजावून सांगितले की या दुखण्यात नजर कडेकडून आत मिटत येते, थेंबांनी तिचा वेग कमी होतो, पण गेलेले परत येत नाही. लायसन्सचे नूतनीकरण नाकारण्यात आले. मास्तरांनी गाडी विकली, किल्ली मात्र खिशात राहिली. भावोजींना हे बघवेना. ते वडिलांना फार जीव लावणारे आहेत, आणि पुढचे सगळे वाचताना हे विसरू नये अशी माझी विनंती आहे. ते म्हणाले, "बाबा, तुम्हाला घाटापर्यंत जायची गरजच नाही. मी घाट घरात आणतो."

त्याप्रमाणे मागच्या खोलीत, जिथे ताईचे इस्त्रीचे टेबल होते, तिथे गेमिंगचा कॉम्प्युटर आला. सोबत चाक, तीन पेडल, गिअरचा दांडा, आणि एक खेळ, ज्यात डोंगरातला एक लांब रस्ता थेट समुद्रावर उतरतो. बैठक जुळवून झाली. मास्तरांनी बूट घातले, नाड्या बांधल्या (अनवाणी माणसाने गाडीला हात लावू नये, हा त्यांच्या वर्गाचा पहिला नियम), आणि ते चाकामागे येऊन बसले. भावोजी म्हणाले, "एक मिनिट बाबा. ग्राफिक्स कार्डचं अपडेट आलंय. एवढं एक झालं की बसूच."

ज्यांना या विषयाची ओळख नाही त्यांच्यासाठी खुलासा. ग्राफिक्स कार्ड हा कॉम्प्युटरमधला चित्र काढणारा भाग. चित्र कसे काढावे हे त्याला सांगणारे जे सॉफ्टवेअर असते त्याला ड्रायव्हर म्हणतात. (या नावावरून घरात जे विनोद व्हायचे ते पहिल्याच दिवशी होऊन गेले आहेत. त्यांची पुनरावृत्ती अनुज्ञेय नाही.) हे सॉफ्टवेअर बनवणारे लोक कर्तव्यदक्ष असल्यामुळे आपण काल केलेल्या कामातल्या चुका ते आज दुरुस्त करतात, आणि त्या दुरुस्तीतल्या चुकांसाठी उद्याचा दिवस मोकळा ठेवतात.

अपडेटची कार्यपद्धती अशी. आधीचे सॉफ्टवेअर काढावे. ते पूर्ण निघत नाही, म्हणून त्याचे अवशेष शोधून काढणारे दुसरे सॉफ्टवेअर घ्यावे. त्याचेही अपडेट आलेले असते, ते करावे. कॉम्प्युटर बंद करून चालू करावा. नवे घालावे. पुन्हा बंद करून चालू करावा. आधी लावलेल्या सगळ्या सेटिंग पुसल्या गेल्या आहेत याची खात्री करून घ्यावी आणि त्या पुन्हा लावाव्यात. मग चाचणी घ्यावी. चाचणीत जुनेच बरे होते असे सिद्ध होते, तेव्हा नवे काढून जुने घालावे. हे होईपर्यंत त्याहून नवे आलेले असते. या पद्धतीत कुठेही थांबायची जागा ठेवलेली नाही, हे तिचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल. आमच्या कार्यालयातल्या फायलीसुद्धा कधीतरी जेवायला थांबतात.

सेटिंगचा विषय स्वतंत्र आहे. नुसत्या सावल्यांच्याच चार तऱ्हा होत्या: कडक, मऊ, अधिक मऊ आणि अत्यंत मऊ. एका रविवारी भावोजींनी ताईला हाक मारून पडद्यावर दोन चित्रे शेजारी शेजारी दाखवली.

"यातलं कुठलं बरं वाटतं?"

ताईने हातातली उशी खाली न ठेवता बघितले. "डावं."

"अगं, दोन्ही एकच आहेत. मी अजून काही बदललं नाही."

"मग उजवं," ताई म्हणाली आणि उशीला अभ्रा घालत निघून गेली.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी मास्तरांच्या डोळ्यांपुढे एकामागून एक काचा धरून हाच प्रश्न विचारला होता: हे बरं की ते? मास्तरांनी ताईसारखेच उत्तर दिले होते. फरक एवढाच, की डॉक्टरांनी पुढे फार विचारले नाही.

आता चाचणी फेरीविषयी. या खेळातच एक सोय आहे. बटण दाबले की गाडी आपली आपण तोच रस्ता एकदा धावते आणि शेवटी पडद्यावर सेकंदाला सरासरी किती चित्रे दिसली याचा आकडा येतो. आकडा मोठा असेल तर यंत्रणा चांगली. गाडी धावत असतानाही वरच्या कोपऱ्यात हिरव्या अक्षरांत आकडे नाचत असतात, आणि भावोजींची नजर तिथून हलत नसे. त्या रस्त्यावर पूल आहे की बोगदा, हे त्यांना आजही विचारले तर सांगता येणार नाही. पण तिथे आकडा अकराने पडतो हे ते सांगतील. चाचणी चालू असताना घरात पुढील गोष्टींना मनाई होती: इस्त्री, मिक्सर, गालिच्यावरून चालणे, आणि खिडकी बंद करणे. माणसाच्या अंगातून उष्णता निघते आणि खोली तापली की आकडा पडतो, हे भावोजींनी कुठेतरी वाचल्यापासून मला दारात उभे करण्यात येऊ लागले. ताई बारीक असल्यामुळे तिला उंबऱ्याच्या आत परवानगी होती.

मास्तरांना मात्र दर रविवारी चाकामागे बसवले जाई, कारण चाकाचीही चाचणी व्हायची होती. ते जेवण झाले की बूट घालून येत. फेरी सुरू होई. गाडी वळणावर जोरात येऊ लागली की मास्तरांचा पाय शेजारच्या सीटवरच्या सवयीने गालिच्यावर कुठेतरी ब्रेक दाबू लागे. "आरसा बघ," ते म्हणत. "हॉर्न दे. अरे, हॉर्न दे! वळणावर काय तुझे काका बसलेत?"

फेरी संपली की भावोजी आकडा बघून विचारत, "बाबा, चाक कसं वाटतं?"

"चाक जरा ढिलं आहे," मास्तर म्हणाले. "मी नाही फिरवलं तरी गाडी वळते."

इथे दुसरा कोणी असता तर त्याने गाडीकडे बघितले असते. भावोजी तपासनीस आहेत, ते सेटिंगमध्ये गेले. चाक फिरवणे आणि पडद्यावर गाडी वळणे यांत सूक्ष्म विलंब असतो, तो कमी करण्यासाठी कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळी कळ असते. तो विलंब त्यांनी निम्म्यावर आणला, मग त्याच्या निम्म्यावर, आणि पुढच्या रविवारी पुन्हा विचारले.

"आता तर मी फिरवायच्या आधीच वळली," मास्तर म्हणाले.

भावोजी उठून उभे राहिले. विलंब शून्याच्या खाली गेला होता. त्यांचे यंत्र माणसाच्या मनात येण्याआधी आज्ञा पाळत होते. त्यांनी ही गोष्ट इंटरनेटवरच्या एका चर्चामंचावर कळवली, जिथे जगभरचे ग्राफिक्स कार्डवाले एकमेकांना धीर देतात. मंचावरच्या पंधरा टक्के सदस्यांनी त्यांचे अभिनंदन केले. ऐंशी टक्क्यांनी आपल्याकडे विलंब याहूनही उणे असल्याचे कळवले. उरलेल्या पाच टक्क्यांनी खेळ कसा आहे असे विचारले; विषय सोडून बोलल्याबद्दल त्यांना समज देण्यात आली.

असे पुष्कळ रविवार गेले. शेवटी एकदा ताई उंबऱ्यात उभी राहून कपड्यांच्या घड्या घालताना म्हणाली, "अहो, ती गाडी आपली आपणच चालतेय ना? चाचणी आहे ना ती? मग चाकाचा संबंध काय?"

खोलीत फक्त पंख्यांचा आवाज येत राहिला. (भिंतीवर एक, कॉम्प्युटरच्या पेटीत सहा.)

"माहीत आहे मला," भावोजी म्हणाले. "मी फक्त खात्री करून घेत होतो."

"मला वाटलं कोणी शिकाऊ आहे," मास्तर म्हणाले. "हात बरा आहे हो त्याचा. आरसा तेवढा बघत नाही."

"मग बाबांनी खरी कधी चालवायची?" ताईने विचारले.

"एवढं एक झालं की बसूच," भावोजी म्हणाले. त्या दिवशी रुंद मॉनिटर आला होता, त्याच्या रंगांची जुळणी राहिली होती. आधीच्यापेक्षा हा बराच रुंद होता, दोन्ही कडांना जास्त डोंगर दिसत. त्याच सुमारास डॉक्टरांनी मास्तरांच्या नजरेचा नवा नकाशा काढून दिला होता. त्यात दोन्ही कडा काळ्या होत्या. मला कार्यालयात आकड्यांचे तुलनात्मक तक्ते करायची सवय आहे, पण हा तक्ता मी केला नाही.

पुढच्या रविवारी भावोजींना संशय आला की कार्डाच्या चिपवर ती थंड राहावी म्हणून लावलेली पेस्ट वाळली असावी. ती आणायला ते बाजारात गेले. जाण्याआधी त्यांनी सगळे सॉफ्टवेअर मुळापासून काढून पुन्हा कोरे घालून ठेवले होते आणि बजावले होते, "आता कोणी हात लावू नका." ते गेले तेव्हा मास्तर बूट घालून चाकामागे बसलेले होते. समोरचा पडदा काळा होता. हात मात्र चाकावर नीट होते, ते शिकवत तसे.

ताई आत आली. मी सवयीने दारातच होतो.

"बाबा, चालवायची का?"

"तो नको म्हणाला ना."

"ते 'कोणी'ला म्हणाले. मी घरचीच आहे."

तिने कॉम्प्युटर चालू केला, खेळ उघडला. समोर दोन बटणे आली. खालचे लहान, चाचणीचे. वरचे मोठे, 'खेळा' अशा अर्थाचे. इतक्या महिन्यांत त्या वरच्या बटणाकडे आमच्यापैकी कोणाचेही लक्ष गेले नव्हते. ताईने ते दाबले.

सेटिंग पुसल्या गेल्या होत्या, त्यामुळे कॉम्प्युटरने स्वतःच्या अकलेने सगळ्यात खालची निवडली होती. चित्र अगदीच कंगाल होते. झाडे म्हणजे हिरवे त्रिकोण. सावल्या नाहीत, धुके नाही, ओल्या डांबरावरची चमक नाही. एक राखाडी पट्टा आणि त्याच्या मधोमध जाड पांढऱ्या रेघा.

मास्तर पुढे झुकले. "अरे," ते म्हणाले, "रस्ता दिसतोय!"

तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. पानापानाची वेगळी सावली, डबक्यात हलणारे ढग आणि अत्यंत मऊ धुके, हे सगळे भावोजींनी जिवापाड मेहनत करून ज्या रस्त्यावर घातले होते, तो रस्ता त्याखाली मास्तरांना कधी दिसलाच नव्हता.

त्यांनी आरसा बघितला. इंडिकेटर दिला. गाडी निघाली. खेळ शर्यतीचा होता; बाकीच्या गाड्या सुसाट पुढे गेल्या आणि मास्तर प्रत्येकीला हाताने 'जा बाबा, जा' करत राहिले. डोंगराचा चढ सुरू झाला तिथे त्यांचा डावा हात आपोआप वर उचलला गेला, शेजारच्याला वळायला सांगावे तसा. तो क्षणभर हवेत राहिला. मग खाली येऊन त्याने गिअर बदलला, आणि गाडी वर चढू लागली. प्रत्येक वळणावर हॉर्न वाजत होता. ताईच्या हातातल्या उशीच्या अभ्र्याचा बोळा झाला होता.

शेवटी उतार लागला आणि समुद्र आला. समुद्र म्हणजे एक निळा चौकोन होता आणि त्यावर एकच लाट पुन्हा पुन्हा येत होती. पडद्यावर मोठ्या अक्षरांत मास्तर शेवटचे आल्याचे जाहीर झाले. त्यांनी ते वाचले नाही. गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढल्यासारखा हात केला, आणि किल्ली काढायला चाकाखाली चाचपडले. मग खिशातली किल्ली काढून मुठीत धरली.

"सूनबाई," ते म्हणाले, "पोचलो."

माझ्या डोळ्यांत पाणी आले. परिपत्रकात मी हे लिहिले नसते.

तेवढ्यात भावोजी पेस्टची नळी घेऊन आले. त्यांनी पडदा बघितला आणि ते दारातच, माझ्या शेजारी, थबकले.

"हे काय? हा समुद्र आहे?"

"त्यांना दिसत होतं, अहो," ताई म्हणाली. "सगळा घाट चालवला त्यांनी."

"दिसत होतं म्हणजे काय? यात बघण्यासारखं आहे काय?" भावोजींचा आवाज कापत होता, आणि तो रागाने नव्हे. "बाबा, समुद्र असा नसतो हो. इतकी वर्षं थांबलात आणि हे बघायचं तुम्ही? उठा जरा. मी तुम्हाला खरा दाखवतो. एवढं एक झालं की बसूच."

मास्तरांनी निळ्या चौकोनाकडे एकदा बघितले. मग ते उठले आणि चाकामागची जागा त्यांनी दुसऱ्याला दिली, आयुष्यभर देत आले तशी.

भावोजींनी समुद्र खरा केला. त्याला बरेच दिवस लागले. मधे तीन अपडेट आली, एक परत घ्यावे लागले. रोज संध्याकाळी ताई म्हणे, "साधीच लावून द्या हो त्यांना," आणि भावोजी म्हणत, "दोनच दिवस." पण काम झाले ते असे झाले की मी दारातून बघून तोंडात बोट घातले. प्रत्येक लाट वेगळी, तिच्या कडेचा फेस वेगळा, वाळूवर पक्ष्यांची सावली अत्यंत मऊ. भावोजींनी सगळ्यांना बोलावले. उष्णतेचा नियम त्या दिवसापुरता शिथिल करून मलाही आत घेण्यात आले. मास्तर बूट घालून बसले. वरचे मोठे बटण भावोजींनी स्वतःच्या हाताने दाबले.

गाडी हलली नाही.

"रस्ता कुठाय रे?" मास्तरांनी विचारले.

"समोर आहे बाबा."

"हो का." त्यांनी मान थोडी डावीकडे वळवली, मग उजवीकडे.

ताईने भावोजींना बाजूला सारून सगळ्यात खालची सेटिंग लावली. हिरवे त्रिकोण आले, राखाडी पट्टा आला. मास्तर पुढे झुकले, पडद्याला नाक लागेल इतके झुकले, आणि पुन्हा मागे टेकले. (गेलेले परत येत नाही, असे डॉक्टर म्हणाले होते. ते सेटिंगविषयी बोलत नव्हते.)

भावोजींनी तेव्हा प्रथमच कोपऱ्यातला आकडा सोडून वडिलांच्या चेहऱ्याकडे बघितले. बराच वेळ बघितले. मग त्यांनी हात लांब करून खालचे लहान बटण दाबले. चाचणी फेरी सुरू झाली. इंजिनाचा आवाज आला, गाडी आपली आपण निघाली, आणि मास्तरांच्या हातांनी चाक घट्ट धरले.

"छान चालवताय बाबा," भावोजी म्हणाले.

"मी कुठला रे," मास्तर म्हणाले. "तो शिकाऊ आहे. आता तयार झालाय पण." मग थोड्या वेळाने, आवाजावरून वळण ओळखून, ते म्हणाले, "आरसा बघ."

त्या फेरीचा आकडा आजवरचा सर्वांत मोठा होता. भावोजींनी तो कुठेही कळवला नाही.

आता तुम्हाला भावोजींचा राग आला असेल. तो समजण्यासारखा आहे, आणि तो त्यांच्यापर्यंत पोचवण्याची व्यवस्था करता येईल. मात्र त्याआधी एक किरकोळ बाब. ही कथा हातात घेतल्यापासून आपल्याला घरातल्या कोणीतरी एकदा तरी हाक मारली आहे, आणि आपण "एवढं एक संपलं की आलोच" असे उत्तर दिलेले आहे (मनातल्या मनात दिले असल्यास तेही ग्राह्य धरण्यात येईल). सदर कारण यापुढे उपलब्ध नाही. हे संपले.